कमानपट्ट्याला पाणी नको, तेल पाजा

प्रश्न : माझा मावसभाऊ हिमाचलात धरमशाळेकडे छपराच्या कामावर आहे. तिथं कवेलूऐवजी पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे खिळ्यांनी ठोकतात. त्याच्यासाठी ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा (लीफ स्प्रिंगच्या पट्टीचा) टोकदार हातोडा घडवला. वखराच्या पासेला देतो तसं पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवलं, तर टोकाला चीर गेली. खिळे काढायची लांब पट्टीही त्याला हवी आहे. कसं करू?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, पट्टा आधीच तडकलेला नसेल, तर चीर पाण्यानंच गेली. कमानीच्या पोलादात कर्ब 0.5 ते 0.6 टक्क्यांच्या आसपास, वर बहुतेक वेळा सिलिकॉन अन् मँगनीज. ते पाण्यात एकदम गार झालं की तडकतं. सरकीचं तेल कोमट करून घ्या. हातोडा भट्टीत तापवा. त्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडी लाली चढू द्या, मग तेलात सोडा. जळकं इंजिन ऑइल मात्र नको बाप्पा, धुरानं जीव जातो.

जुना पट्टा तडकलेला आहे का ते घडवण्याआधीच पाहायचं. रॉकेल चोळा, कोरडं पुसा, वर खडूची पूड लावा. चीर असेल तर रेघ ओली दिसते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग तर घेऊच नका.

टोक आधी चौरस ओढा, मग गोल करा. थेट गोल ओढलं तर आतून फाटतं. हे टोक पाटीच्या मागच्या बाजूनं मारतात. दर्शनी बाजूला भोकाभोवती खपली उडते अन् त्या खळग्यात खिळ्याचं डोकं बसतं. टोक बोथट असलं तर पाटीच फुटते.

तेलातून काढल्यावर उजळ घासून मधल्या भागाला ऊब द्या आणि रंग सरकताना पाहा. टोकावर तपकिरी-जांभळा आला, म्हणजे 270-280 अंश, की थांबवा. खिळा ठोकायचं तोंड निळं होऊ द्या. ते कडक राहिलं तर कपचा उडून डोळ्यात जातो.

पट्टीचा हिशेब वेगळा. ती दोन पाट्यांच्या फटीत सरकवायची, टोकाचा आकडा खिळ्याला अडकवायचा अन् वर वाकवलेल्या मुठीवर हातोडा मारून खिळा तोडायचा. म्हणून लांबी दोन फूट, पान दोन-तीन मिलिमीटरच. ट्रकचा पट्टा एवढा पातळ करता करता कोळसा अन् दंड दोन्ही संपतात; जीपचा पातळ पट्टा पाहा. सगळी पट्टी निळी, 300 अंशांच्या वर. ती लवली पाहिजे. आपल्याकडं कवेलू फेरायला शिडी अन् दोन हात पुरतात, तिकडं हे सारं लागतं.

टोकाची जाडी मी इथून सांगणार नाही. ती खिळ्यावर ठरते. भावाकडून दोन-चार खिळे अन् फुटक्या पाटीचे तुकडे मागवा, त्यावर भोक पाडून पाहा, मगच शेवटची घासणी करा.