खेळाच्या कोट्यातून अर्ज भरावा का?

सातारा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘कोट्यातून येणार म्हणजे कुणाची तरी जागा खाणार’ असं वर्गातल्या मुलीने सुनावलं म्हणून तू प्रवेशाचा अर्जच भरणार नाहीस म्हणतेस. बिनधास्त भर. पहाटे पाचला ट्रॅकवर यायचं, पंधराशे मीटरचे राउंड मारायचे आणि ओल्या केसांनीच एसटी पकडून कॉलेज गाठायचं, हे बारावीच्या टक्क्यांत कुठे दिसतं? ते धरलं जावं म्हणूनच ही जागा असते.

पण कुणी तुला राष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट ‘करून देतो’ म्हणतोय, त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. त्या मुलीचा राग रास्त ठरतो तो असल्या कागदांमुळेच. अमेरिकेत 2019 मध्ये हेच उघडकीला आलं. तिथल्या नामांकित विद्यापीठांत कोच हव्या त्या खेळाडूंची नावं प्रवेश विभागाला कळवतो आणि त्या नावांना झुकतं माप मिळतं. रिक सिंगर नावाच्या दलालाने नेमकी ही फट हेरली. श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन कोचना चारले. रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या होडीची शर्यत, कधी न खेळणाऱ्या मुलींना व्यायामाच्या रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले आणि त्या खेळाडू म्हणून आत गेल्या. खरोखर वल्हं मारणारी कुणीतरी पोर त्यापायी बाहेर राहिली असेल, तिचं नावही कुणाला माहीत नाही. मला चीड येते ती याची.

आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बघ. 1952 च्या ऑलिंपिक निवडीत मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. ते भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांपर्यंत, पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. मागणं एवढंच, की कुस्ती लावा. कुस्ती लागली, समोरच्याला त्यांनी आस्मान दाखवलं आणि हेलसिंकीहून ब्राँझ आणलं.

तूही तेवढंच माग. चाचणी असेल तर प्रत्येकीची वेळ सगळ्यांसमोर वाचली जावी, निवडयादी नोटीस बोर्डावर लागावी. हे विचारताना अजिबात कचरू नकोस. तुझी सांघिक खेळाची मैत्रीण असेल तर तिला हे जास्तच सांग, तिथे घड्याळ नसतं, निवडणाऱ्याचा शब्द चालतो.

मूळ सर्टिफिकेटं, स्पर्धेचं निकालपत्रक, सगळं एका फाइलमध्ये लाव. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून अर्ज केलास तर क्रीडा खात्याकडून हीच पडताळणी होते.

रविवारी फाइल घेऊन घरी ये. अर्ज आपण दोघं मिळून भरू.

तुझे सर