गॉलच्या किल्ल्यातलं सागरी संग्रहालय बघावं का?

श्रीलंकेत गॉलला एकच दिवस मिळतोय, किल्ल्यातल्या सागरी संग्रहालयात वेळ घालवावा का, असं तुम्ही विचारलंय. तास-दीड तास जरूर द्या, पण आधी एका बुडालेल्या जहाजाची गोष्ट माहीत करून जा. नाहीतर काचेमागची मडकी बघून बाहेर पडाल. पहिल्या खेपेला माझं तेच झालं होतं.

जहाजाचं नाव आव्होंडस्टर, म्हणजे डचमध्ये संध्याकाळचा तारा. मूळचं इंग्रजांचं, डचांनी पकडलं आणि आपल्या ताफ्यात घेतलं. 2 जुलै 1659 ला गॉलच्या बंदरात त्याचा नांगर सुटला आणि ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडालं, दोन-तीन पुरुष खोल पाण्यात. एवढं जवळ असून सापडायला 1993 उजाडलं. मग पाणबुड्यांनी कित्येक मोसम खपून दोर, कप्प्या, भांडी असं एकेक वर काढलं. अशा वस्तू थेट कपाटात ठेवता येत नाहीत. शेकडो वर्षांचं मीठ आत मुरलेलं असतं, ते गोड्या पाण्यात भिजवून हळूहळू काढावं लागतं. नाहीतर लाकूड वाळताना तडकतं. हे काम चालायचं ती जागा बंदराच्या काठावरच होती. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली आणि जागेसकट बरंच काही घेऊन गेली. समुद्राने 345 वर्षांनी आपलं सामान परत नेलं, असंच मला तिथे उभं असताना वाटलं.

1992 चं हे संग्रहालयही त्या लाटेत खराब झालं होतं. डागडुजी होऊन 2010 मध्ये पुन्हा उघडलं. इमारत डचांचं जुनं कोठार आहे, लांबलचक, जाड भिंतींचं. शेजारच्या जुन्या दरवाज्याखाली दोन मिनिटं थांबा. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह, आत आलात की डच ईस्ट इंडिया कंपनीचं, 1669 सालचं, माथ्यावर कोंबडा! एकाच कमानीला दोन मालक.

पुतळे उभे करून रचलेले देखावे मात्र मला बेतास बातच वाटले. ते सोडून ओरुवा बघा. ही तिथल्या कोळ्यांची होडी, अंग अरुंद, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला आडव्या दांड्यांनी जोडलेला ओंडका, आणि फळ्या काथ्याने शिवलेल्या. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, माहेर मालवणकडचं. बघताक्षणी म्हणाली, "अरे, ही तर आमचीच होडी मरे!" मग चष्मा चढवून टाके बघत बसली. शेवटी पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती, पण दोघं हातवारे करत काथ्याबद्दल बराच वेळ बोलले.

चिनी दर्यावर्दी झेंग हे याचा 1409 चा शिलालेखही गॉलचाच. चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत तीन वेगवेगळ्या देवांना दानं दिल्याची नोंद आहे. पण मूळ दगड कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तो तिथेच बघा.

कोलंबोहून आगगाडीने जा आणि उजव्या हाताची खिडकी पकडा, रूळ अगदी समुद्राला लागून आहेत. वाटेत हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. 2004 च्या लाटेने भरलेली गाडी उलथवली ती तिथेच.