तिसरा डोस घेऊ का नको?

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय 26. दोन वर्षं झाली व्हीगन आहे, दूध-दही-तूप सगळं बंद, त्यावरून घरी रोज एक राउंड होतोच. गेल्या रविवारी गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं, रेबीजचे दोन डोस झालेत. आता मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवलाय की ही लस माकडाच्या किडनीवर वाढवतात आणि त्यात वासराचं रक्त असतं. तिसऱ्या डोसला जायचं मनच होत नाहीये. आई म्हणते, "दुधाचा चहा चालत नाही, हे बरं चालतं!" वर माझी बी-ट्वेल्व्हची कॅप्सूलपण जिलेटिनची निघाली. मी खोटी व्हीगन आहे का ओ?

उत्तर : अंक छापून यायला पंधरा दिवस, तोवर थांबण्यासारखं हे प्रकरणच नव्हतं, म्हणून मेल वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला. डोस घेतलात, सुटलो. बाकीच्यांसाठी लिहिते, रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळं कार्डावरची तारीख चुकवायची नाही म्हणजे नाही.

व्हिडिओ खोटा नाही, पण अर्धा आहे. 1962 साली जपानमध्ये एका आफ्रिकन माकडाच्या किडनीतून पेशी घेतल्या, त्यांना व्हेरो पेशी म्हणतात, आणि त्याच पेशींची पिलावळ आजतागायत लॅबमध्ये वाढवतायत, दर बॅचला नवीन माकड लागत नाही. वासराच्या रक्तातलं सीरम पेशी वाढवायला वापरतात हे मात्र खरंय, ते मी झाकून ठेवणार नाही. पण आधी काय होतं? पोटात चौदा इंजेक्शनं, आठवत असेल घरातल्या थोरांना, ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. आपल्याकडं ती 2005 च्या सुमारास बंद झाली. म्हणजे गाडी हळू का होईना, तुमच्याच दिशेनं चाललीय.

आणि व्हीगन सोसायटीची, जी 1944 ला ब्रिटनमध्ये सुरू झाली, तिची स्वतःची व्याख्याच सांगते की शक्य आणि जमण्यासारखं असेल तितकं प्राण्यांचं शोषण टाळा. जीव देऊन टाळा असं कुणी म्हटलेलं नाही. आपल्या भागात उसाच्या फडात घोणस चावली तर जे औषध देतात ते घोड्याच्या रक्तातून काढतात, घोड्याला थोडं थोडं विष टोचून. त्याला पर्यायी औषध आज दवाखान्यात नाही. तिथं स्ट्रेचरवर पडून व्हीगन आहे का विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

विचारायची जागा कॅज्युअल्टी नाही, मेडिकलचं काउंटर आहे. मी मिरजेत वीस वर्षं त्या काउंटरमागं काढली, विचारणारे हाताच्या बोटावर मोजण्याएवढे. तुमची बी-ट्वेल्व्ह बघा, आतलं औषध जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असतं, त्यात प्राणी नाहीच, भानगड फक्त टरफलाची, ते गाई-डुकराच्या हाडा-कातड्याचं. सेल्युलोजच्या कॅप्सूल मिळतात, नाहीतर गोळी घ्या, पण गोळीत बऱ्याचदा लॅक्टोज असतं, म्हणजे परत दूध आलंच! डी-थ्री बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून, पण दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलंही असतं. औषधाच्या पट्टीवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण नसतो, पण फूड सप्लिमेंट म्हणून विकतात त्या डब्यावर असतो, आणि तिथंही हिरवा म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. एक मात्र करू नका, कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात टाकून पिणं. काही औषधं पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला आत ठेवलेली असतात. डॉक्टरांना विचारा, बदलून देतात.

आईंना काय सांगायचं? चहाला पर्याय आहे, या लशीला नाही, एवढंच. पटणार नाही, सोडून द्या. माझी आई मी मीठ कमी केलं तेव्हा सहा महिने बोलली नव्हती.

फोनवर मी त्या कुत्र्याचं विचारलं होतं, कारण चावल्यावर दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस लागतात का हे डॉक्टर ठरवू शकतात, आणि गल्लीतली पोरं तोवर त्याला दगड घालायला टपलेली असतात. तुम्ही म्हणालात, ते रोज तुमच्याच स्कूटीखाली झोपतंय आणि त्याला लस टोचून घ्यायला तुम्ही महापालिकेत दोन चकरा मारल्यात. ती लससुद्धा अशीच पेशींवर वाढवलेली असते बरं का.