बाबागाडी आधी की कार सीट?

प्रश्न: ताई नमस्कार. मी शहापूरला राहते, सातवा महिना चालूय, पहिलंच बाळ. मिस्टर उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहेत. बाळंतपण माहेरी गडहिंग्लजला करायचं ठरलंय, नोव्हेंबरची तारीख दिलीय. घरात सेकंडहँड घेतलेली जुनी छोटी गाडी आहे. बाबागाडी आणि कार सीट दोन्ही मिळून १५ हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय, पण ऑनलाइन बघायला बसलं की काही सुचतच नाही, कुठं दोन्ही एकत्र असलेला सेट ३० हजारांना तर कुठं नुसती बाबागाडी ३ हजारांना. जाऊबाई म्हणतात आमची कार सीट माळ्यावर पडलीय ती ने, पण मागं भाऊजींच्या गाडीला हायवेला धडक बसली तेव्हा ती सीट गाडीतच होती. सासूबाई म्हणतात बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, आणि आम्ही पोरं मांडीवर घेऊनच वाढवली की. काय करू सांगा.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: अगं, आधी मनापासून अभिनंदन. तू जाऊबाईंच्या सीटची धडकेची गोष्ट न लपवता लिहिलीस ते फार बरं केलंस, त्याच्यावर येतेच मी.

पैसे १५ हजारच असतील तर माझं मत सरळ आहे, आधी कार सीट आणि ती नवीन, बाबागाडी नंतर आणि ती जुनी चालेल. ८ ते १० हजारांत चांगली सीट येते, उरलेले बाजूला ठेव. बऱ्याच घरांत उलटं होतं. बाबागाडी डोळ्याला दिसते, बारशाच्या फोटोत येते म्हणून तिच्यावर खर्च होतो आणि सीट राहून जाते, मग बाळ आज्जीच्या मांडीवर. सासूबाई प्रेमानंच म्हणतात ते मला माहितीये, पण त्यांच्या वेळी कुणाच्या दारात गाडी होती, आणि पुणे-बंगळूर हायवे तरी आजच्यासारखा कुठं होता. त्यांना एवढंच सांग, गाडी ५० च्या वेगात असताना कशावर तरी आपटून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर आतल्या माणसाला आपल्या वजनाच्या साधारण १४ पट जोर बसतो, म्हणजे साडेतीन किलोचं बाळ त्या क्षणाला ५० किलोचं, अख्खं सिमेंटचं पोतं. ते हातात धरून ठेवायची ताकद कुणाच्याच हातात नसते, आईच्यापण नाही. आणि ५० तर आपण गावातल्या मोकळ्या रस्त्याला पण चालवतो, संकेश्वरकडं जाताना तर ८० च्या खाली कोण जातं?

कायदापण आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर १ हजार रुपये दंड. हा केंद्राचा कायदा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं असा की पलीकडं, एकच.

आता कुठली घ्यायची. तुला दोन प्रकार दिसतील. एक हँडल असलेली, बाळासकट उचलून नेता येणारी, ती १३ किलोपर्यंत, पण बाळाचं डोकं वरच्या कडेला पोचलं की त्याच्या आधीच संपते, बऱ्याच बाळांना वर्ष-सव्वा वर्षातच. दुसरी गाडीतच बसवून ठेवायची, ० ते १८ किलोवाली, आधी उलटी म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं, आणि मोठं झालं की सरळ. तुझ्या बजेटला ही दुसरी, कारण एकदाच खर्च आणि चारेक वर्षं बघायला नको. हिचा एक तोटा, झोपलेलं बाळ सीटसकट घरात नेता येत नाही, उचलावंच लागतं. घेताना मात्र एक बघायचं, उलट्या स्थितीत ती पुरेशी मागं कलते का. तान्ह्या बाळाला साधारण ४५ अंश कलती पाहिजे, नाहीतर डोकं पुढं पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. बऱ्याच सीटांना बाजूला एक रेघ नाहीतर खूण असते, गाडीत बसवल्यावर ती जमिनीला समांतर आली की कल बरोबर.

उलटी का, हे घरात सगळ्यांना समजावून सांग, कारण तीन-चार महिन्यांतच कुणीतरी म्हणणार की बिचाऱ्याला रस्ता दिसत नाही, वळवा की. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं, मान मऊ असते, धडकेत डोकं पुढं फेकलं गेलं तर मान ते पेलू शकत नाही. उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळ्याला सीटच झेलते. कमीत कमी सव्वा वर्ष तरी उलटंच ठेव, सीटच्या वजनाच्या मर्यादेत बसत असेल तर त्याच्यापण पुढं. ९ किलो झालं की सरळ करता येतं असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल, पण करता येतं म्हणून करायलाच पाहिजे असं नाही.

लेबल बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. सीटवर नारिंगी स्टिकर असतो, गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, आणि आर ४४/०४ किंवा आर १२९ असं लिहिलेलं. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२, ते असलं तरी चालेल. यातलं काहीच नाही आणि नुसतं 'बेबी सीट' लिहिलंय, दीड-दोन हजारांना मिळतेय, तर ती नुसती गादी आहे, तिला हात लावू नको.

तुमची गाडी जुनी आहे म्हणून आणखी एक. मागच्या सीटला आयसोफिक्सचे हुक (कार सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायच्या कड्या) बहुतेक नसतील, म्हणजे गाडीच्या बेल्टनंच बांधायची सीट लागणार. तर आधी मागचा बेल्ट खांद्यावरनं येणारा आहे की नुसता कमरेचा ते बघ, बहुतेक सीटांना खांद्यावरचाच लागतो, आणि उलटी सीट बांधायला बेल्ट लांब लागतो, काही गाड्यांत तो पुरतच नाही. शिवाय उलटी सीट मागं जागा खाते, पुढची सीट सरकवावी लागते आणि मिस्टर उंच असतील तर गुडघे स्टिअरिंगला लागतात. म्हणून दुकानात गाडी घेऊनच जा. खडे बाजारात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणार नाही, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी दुकान उघडता उघडता जा आणि दुकानदाराला सांग, सीट गाडीत लावून दाखवा, मग घेतो. ऑनलाइन घेणार असशील तर परत करता येते का ते आधी वाच.

सीट मागंच बसवायची, पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर उलटी सीट तिथं अजिबात नाही, एअरबॅग फुटली तर ती बाळाच्या डोक्यामागंच आपटते. मागं डाव्या बाजूला बरं, रस्त्याच्या कडेनं बाळ काढता-ठेवता येतं. बेल्ट कुठनं न्यायचा त्याच्या खुणा सीटवर असतात, बहुतेक ठिकाणी उलट्याला निळ्या आणि सरळ बसवायला लाल. बसवताना गुडघा सीटवर दाबून बेल्ट ओढायचा आणि मग बेल्ट जातो तिथं धरून हलवून बघायचं, इंचापेक्षा जास्त हलली तर परत बांधायची. हे काम तुझ्या भावाला आणि मिस्टरांना आत्ताच शिकायला लाव, पाच किलो पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये बांधून बघा. हॉस्पिटलच्या दारात, हातात तान्हं बाळ आणि मागं रिक्षांचे हॉर्न, तेव्हा पुस्तिका वाचत बसायला कुणाला जमणार?

बाळाचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालनं आले पाहिजेत, आणि एवढे घट्ट की खांद्यावर पट्टा चिमटीत धरता येऊ नये. नोव्हेंबर म्हणजे थंडी, तुम्ही बाळाला कुंची, स्वेटर, वर शाल असं सगळं घालणार. जाड कपड्यावरनं पट्टा घट्ट वाटतो पण खाली जागा राहते. म्हणून पातळ कपड्यात पट्टे लावायचे आणि मग वरनं शाल पांघरायची.

जाऊबाईंची सीट नको. धडकेत गाडीत असलेल्या सीटला आतनं बारीक चीर गेलेली असू शकते, ती बाहेरनं दिसत नाही, आणि एकदा जोर खाल्लेली सीट दुसऱ्यांदा तेवढी टिकत नाही. माळ्यावर पत्र्याखाली उन्हात तापून प्लास्टिकपण कमजोर होतं, सीटला वापरायची मुदत असते ती खालच्या बाजूला छापलेली असते. त्यांनी प्रेमानं देऊ केलंय तर त्यांच्याकडनं झबली, दुपटी, पाळणा सगळं घे आनंदानं. सीटचं मात्र कारण सांगून नाही म्हण, आणि ती पुढं कुणाला देऊ नका असंपण सांग.

सासूबाईंच्या मनाचंपण राखता येतं. आधी काही आणू नये ही त्यांची श्रद्धा आहे, त्यावरनं वाद घालू नको. सीट तुझ्या सासरी यायलाच नको, तुला ती गडहिंग्लजलाच लागणार आहे. भावाला सांग, मामाकडनं बारशाला जे काही यायचं असेल त्यातलं ही सीट धरा, आणि ती एखाद्या मित्राकडं नाहीतर दुकानातच पैसे भरून ठेवा, बाळ झालं की त्या दिवशी उचलायची. हॉस्पिटलमधनं घरी जातानाचा प्रवास पाच मिनिटांचा असला तरी पहिला प्रवास तोच.

आणि तीन महिन्यांनी बेळगावला येताना घाई करू नका. तान्ह्या बाळाला सीटमध्ये सलग फार वेळ ठेवायचं नसतं, संकेश्वरला थांबा, बाहेर काढा, दूध पाजा, आडवं करा. घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून तसंच सीटमध्ये सोडायचं नाही, पाळण्यात घालायचं.

आता बाबागाडी. माझ्या पहिल्या वेळी आम्ही मोठी, झोकदार, दोन्ही एकत्रवाली घेतली होती, सगळ्यांनी सांगितलं म्हणून. ती घडी करूनपण आमच्या डिकीत मावत नव्हती आणि आमच्या गल्लीतनं बाहेर काढली की गटारीच्या फरशीत पुढचं चाक अडकायचं. दोन वर्षं जिन्याखाली पडून होती, आणि त्या पैशात सीट आली असती हे मला आजपण लागतं, कारण पहिलं वर्षभर आम्ही बाळाला मांडीवर घेऊनच फिरलो.

शहापूर, वडगावच्या गल्ल्या तुला माहितीच आहेत, फूटपाथ नाही, स्कूटर अंगावरनं जातात, पावसाळ्यात लाल चिखल. पहिले काही महिने तू माहेरी असशील, तिथं बाळाला उचलायला हातच हात, बाबागाडीची गरजच लागत नाही. म्हणून आत्ता घेऊच नको. सहाव्या महिन्याच्या पुढं बाळ बसायला लागलं की बघ, तेव्हा साधी, हलकी, एका हातानं घडी होणारीपण चालते. त्याच्या आधी घेतलीसच तर पाठ पूर्ण आडवी होणारी पाहिजे. चाकं जेवढी मोठी तेवढी आपल्या रस्त्याला बरी. फिरवायला वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी, नाहीतर कॅम्पात मिलिटरी महादेवच्या बाजूला झाडाखालचे रस्ते आहेत, तिथं खरंच मजा येते, बाळालापण आणि आईलापण.

जुनी घेताना ब्रेक लावून उतारावर ढकलून बघ, उघडल्यावर कुलूप खटकन बसतं का बघ, पट्टे पाच ठिकाणी अडकणारे आहेत का ते बघ. कापड धुता येतं, मोडकं कुलूप दुरुस्त होत नाही. हँडलला भाजीची पिशवी अडकवायची नाही, बाळ उचललं की गाडी मागं पलटते. आणि ऊन लागतं म्हणून वरनं ओढणी झाकायची नाही, आत हवा कोंडते आणि तापते.

प्रश्न: माझा नातू पाच महिन्यांचा आहे. खानापूरहून बेळगावला येताना सीटमध्ये सारखा रडतो. अशा वेळी थोडा वेळ काढून घेतलं तर चालेल ना? सून घेऊ देत नाही.
— एक आज्जी, खानापूर

उत्तर: आज्जी, तुमचा जीव तुटतो हे कळतं मला, पण सूनबाईंचं बरोबर आहे. चालत्या गाडीत काढायचं नाही, गाडी बाजूला घेऊन थांबवा आणि मग खुशाल घ्या. निघायच्या आधी पोट भरून ढेकर काढा, लंगोट बदला, उन्हात उभी असलेली गाडी आधी गार करा, पट्ट्याचं बक्कल अंगाला तापलेलं लागत नाही ना ते हात लावून बघा. कधी कधी बाळ वाढलेलं असतं आणि पट्टे जुन्याच भोकात असतात, खांदे दाबले जातात म्हणून रडतं. आणि तुम्ही त्याच्या शेजारी मागं बसा, बोट हातात द्या, गाणं म्हणा. त्याला तुमचा आवाज ओळखू येतो.

प्रश्न: आमच्याकडं गाडी नाही, मोटरसायकलच आहे. मुलगी चार महिन्यांची. सासुरवाडी कागलला आहे, बायको मागं बाळाला धरून बसते. काय घ्यावं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: दादा, चार महिन्यांच्या बाळासाठी मोटरसायकलवर सुरक्षित असं काहीच मिळत नाही, म्हणून काही घेऊ नका. १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम असा, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्ट्यांचा हार्नेस, ९ महिन्यांपुढं हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. पण नियमात बसलं तरी हायवेला ट्रकच्या मधनं तान्हं बाळ नेणं बरोबर नाही. मुलगी मोठी होईपर्यंत एसटीनं जा, निपाणी-कागल गाड्या भरपूर आहेत, बायकोला पुढच्या दाराजवळची नाही, मधली जागा बघून द्या. पोटाला बांधायची कापडी झोळी घेतलीत तर तिचे हात मोकळे राहतील, पण ती चालताना आणि बसस्टँडला वापरायची, धडकेत ती काही वाचवत नाही. कधी टॅक्सी करायचा प्रसंग आला तर ओळखीच्या कुणाची धडक न बसलेली कार सीट त्या दिवसापुरती मागून घ्या, लेबल आणि मुदत बघून, ती टॅक्सीच्या बेल्टनंपण बांधता येते.