मिशिमा म्हणे!

प्रश्न आहे: ‘पॉटरीच्या वर्गात ओलसर मातीत रेघा कोरून त्यात दुसऱ्या रंगाची माती भरतात, त्याला मिशिमा म्हणतात. ही जपानी पद्धत का? मराठीत काय म्हणावं?’

जपानी नाही हो! हल्ली जो तो मिशिमा-मिशिमा करत सुटलाय. या कामाचं कोरियन नाव सांगगाम. १२व्या शतकात गोऱ्यो राजवटीतल्या कुंभारांनी हिरवट झिलईच्या भांड्यांवर त्याची कमाल करून दाखवली.

मग मिशिमा आलं कुठून? इथे खरी गंमत आहे. १५व्या-१६व्या शतकांत, कोरियातल्या पुढच्या जोसॉन राजवटीच्या काळात, राखाडी स्टोनवेअरवर (म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या टणक भांड्यांवर) पांढऱ्या मातीचा लेप आणि त्यावर पारदर्शक झिलई अशी भांडी होऊ लागली. काहींवर ठशांनी उमटवलेल्या बारीक नक्षीच्या ओळीच्या ओळी. जपानातल्या चहाच्या शौकिनांना त्या पाहून इझूमधल्या मिशिमा देवस्थानाचं छापील पंचांग आठवलं. त्यातली अक्षरंही अशीच दाटीवाटीची. झालं, भांड्याला नाव मिशिमा! दाते पंचांगावरून एखाद्या मडक्याला आपण ‘सोलापुरी’ म्हणावं, तसला प्रकार. पुढे पाश्चात्त्य कुंभारांनी ते नाव भांड्यावरून काढून तंत्रालाच चिकटवलं.

काही पंडित मात्र ‘मि-शिमा म्हणजे तीन बेटं’ असा विग्रह करून कोरियाच्या किनाऱ्याला बेटं हुडकत बसतात. विग्रह बरोबर, पण हुडकायचं कशाला? नकाशा मिटा आणि भांड्याकडे बघा, पंचांग दिसेल.

१९३०च्या दशकात कोरियन कला-इतिहासकार को यू-सॉप यांनी या भांड्यांना ‘बुनजांग होएचॉन्ग सागी’ असं नाव दिलं: पांढऱ्या लेपाने नटवलेली राखी-निळी भांडी. त्याचंच आखूड रूप बुनचॉन्ग. नाव नेमकं आहे, पण विद्वानाचं. सगळा चिनी अक्षरांचा भरणा.

त्याच भांड्यांच्या बाबतीतला माझा लाडका शब्द वेगळाच, ‘दॉम्बॉन्ग’. भांडं बुडाशी धरून पातळ पांढऱ्या मातीत बुचकळायची ही रीत. शब्दाला व्युत्पत्ती कसली? पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज! आपलं ‘डुबुक’. दोन्ही भाषांचं नातं काही नाही, कान तेवढे सारखे. माझं तर ठाम मत आहे की कारागिरीतले टिकाऊ शब्द असे कानातूनच येतात, कोशकारांनी कितीही नाकं मुरडली तरी.

हां, मराठी शब्द. ‘कोरून भरलेली नक्षी’ म्हणा, नाहीतर सरळ सांगगाम म्हणा.