तुमचे प्रश्न: आल्प्समधली लोखंडी वाट

स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यातल्या म्युरेन ते गिमेलवाल्ड या व्हिया फेराटाची माहिती गेल्या अंकात दिली होती. त्यावर सोलापूर शहरातून आणि बार्शी, पंढरपूरकडून पत्रं आली. बऱ्याच जणांनी उन्हाळ्यातल्या युरोप सहलीत हा एक दिवस घालायचं ठरवलेलं दिसतं. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न: व्हिया फेराटा म्हणजे नक्की काय? भीमाशंकरच्या शिडी घाटासारखंच ना? (वाचक, सात रस्ता)

उत्तर: शिड्या दोन्हीकडे आहेत, पण शिडी घाटात माणूस कशालाही बांधलेला नसतो. व्हिया फेराटात वाटभर कातळात खुंट्या ठोकून त्यांतून जाड पोलादी केबल ताणलेली असते. कमरेला आणि मांड्यांना आवळायच्या हार्नेसपासून दोन पट्टे निघतात. त्यांच्या टोकांचे कॅराबिनर, म्हणजे उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कड्या, केबलमध्ये अडकवून चालायचं. पाय ठेवायला कातळात दोन्ही टोकं रुतवलेल्या सळ्या असतात, कुठे शिडी, कुठे झुलता पूल. नाव इटालियन आहे आणि अर्थ सरळ ‘लोखंडी वाट’. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखरावर १८४३ मध्येच अशी वाट बसवली होती. पहिल्या महायुद्धात डोलोमाइट्सच्या कड्यांवर इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्यांनी जा-ये करायला शिड्या आणि दोर लावले, तेव्हापासून हा प्रकार पसरला. स्वित्झर्लंडमधली पहिली वाट मात्र बरीच अलीकडची, गाडमेनजवळची, १९९३ची.

प्रश्न: वय ५४, रोज सकाळी पाच किलोमीटर चालते. गुडघे अधूनमधून कुरकुरतात. ‘सर्वांसाठी’ असं लिहिलेली वाट मला जमेल का? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर: मॅडम, ‘सर्वांसाठी’ हा शब्द जाहिरातीचा आहे. तुम्ही श्रेणी बघा. स्वित्झर्लंडमध्ये के-१ ते के-६ अशी श्रेणी चालते, ऑस्ट्रिया-जर्मनीत ए ते ई. के-१ आणि ए म्हणजे केबलचा कठडा धरून अरुंद पायवाटेने जाणं. के-३ला उभ्या शिड्या येतात आणि पायाखाली मोकळी दरी असते. के-५च्या पुढे हाताच्या ताकदीवर अंग ओढावं लागतं. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. श्रेणी बहुधा वाटेतल्या सगळ्यात अवघड जागेवरून ठरते. दोन तास सोपे आणि दहा मीटर के-४, तरी वाट के-४च. त्या दहा मीटरांत अडकलात तर आधीचे दोन तास उपयोगाचे नाहीत.

तुमची खरी अडचण गुडघ्यांची आहे, आणि म्युरेनची वाट नेमकी तिथेच फसवते. बाकीच्या बहुतेक वाटा चढतात, ही उतरते. म्युरेन साधारण १६४० मीटरवर, गिमेलवाल्ड जवळपास ३०० मीटर खाली. लांबी २.२ किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. वाट एकाच दिशेची आहे, म्हणजे मधून मागे फिरायची सोय धरून चालू नका. उतरताना प्रत्येक सळीवर पाय चाचपत ठेवावा लागतो आणि सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. घरी एक साधी चाचणी करा: जिन्याच्या कठड्याला हात न लावता, पायरीवर तोंड भिंतीकडे करून उलटं उतरा, सलग चार मजले. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर के-२ची चढणारी वाट निवडायला हरकत नाही. म्युरेनचा विचार त्यानंतर, तोही गाइडबरोबर.

प्रश्न: सह्याद्रीत पाच वर्षं ट्रेक करतोय, हार्नेस, दोन स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास), चार कॅराबिनर स्वतःचे आहेत. तिथे व्हिया फेराटाचा संच भाड्याने घेण्यात पैसे का घालवायचे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, होटगी रोड)

उत्तर: हार्नेस आणि हेल्मेट घेऊन जा. स्लिंग घरी ठेव. हे उत्तर जरा लांबणार, कारण याच समजुतीने माणसं मरतात.

समज, उभ्या भागात दोन खुंट्यांमधलं अंतर ३ मीटर आहे. तू वरच्या खुंटीच्या अगदी खाली आलास आणि हात सुटला. कॅराबिनर केबलवरून सुळकन घसरत खालच्या खुंटीवर येऊन आदळतो, हे झाले ३ मीटर. मग पट्टा ताणला जाईपर्यंत आणखी एक मीटर. पडणं ४ मीटरचं आणि झेलायला पट्टा १ मीटरचा. या भागाकाराला फॉल फॅक्टर म्हणतात, इथे तो ४ आला. नेहमीच्या प्रस्तरारोहणात दोर बांधून पडलं तर तो २च्या वर जात नाही, शिवाय तो दोर ताणला जातो आणि धक्का खातो. डायनीमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग जवळपास ताणलीच जात नाही. एक तर ती तुटते, नाही तर सगळा झटका तुझ्या कमरेला बसतो. डेझी चेनचंही, म्हणजे ओळीने फास शिवलेल्या पट्ट्याचंही, तेच.

म्हणून व्हिया फेराटाच्या संचात पट्ट्यांच्या मुळाशी एका छोट्या पिशवीत शॉक ॲब्सॉर्बर असतो. घडी घालून शिवलेली पट्टीच ती. झटका बसला की टाके टरटर उसवत जातात आणि तेवढ्यात वेग मरतो. ईएन ९५८ या युरोपीय मापदंडात २०१७च्या सुधारणेनंतर अट अशी आहे की १२० किलोच्या वजनाला धक्का ६ किलोन्यूटनच्या (किलोन्यूटन हे जोराचं एकक) आत राहावा आणि ४० किलोला ३.५च्या आत. पट्टी दोन मीटरहून थोडी अधिकही उसवू शकते, म्हणजे तू तेवढा आणखी खाली जातोस. खाली सळी असेल तर तिच्यावर आपटतोस. त्यामुळे संच उत्तम असला तरी इथे पडायचं नाही हाच नियम. संच जीव वाचवेल, पाय मोडायचा वाचवेलच असं नाही.

जुना संच मित्राकडून स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एका अपघातात संचाचे दोन्ही लवचीक पट्टे तुटले आणि चढणारा दगावला. त्यानंतर अनेक उत्पादकांनी आपले संच परत मागवले. भाड्याच्या संचावरसुद्धा तीन गोष्टी तपास. लेबलवर ईएन ९५८ आणि पुढे २०१७ हे वर्ष आहे का? पिशवीतली पट्टी जराही उसवलेली नाही ना? कॅराबिनरचं तोंड सोडलं की आपोआप बंद होऊन लॉक होतं का? एकदा थोडा उसवलेला ॲब्सॉर्बर कायमचा बाद.

आता जोडणी. संचाच्या खालच्या टोकाचा लूप हार्नेसच्या पुढच्या मुख्य लूपमधून घालायचा, त्या लूपमधून अख्खा संच ओढून काढायचा आणि गाठ घट्ट बसवायची. सामान अडकवायच्या बाजूच्या लूपला जोडला तर काही उपयोग नाही, ते जेमतेम काही किलो पेलतात. चालताना दोन्ही कॅराबिनर केबलवरच हवेत. एक हात मोकळा राहावा म्हणून दुसरा पट्टा हार्नेसला परत अडकवायची सवय काहींना असते. तसं केलं तर ॲब्सॉर्बरला वळसा बसतो आणि तो उसवतच नाही.

खुंटीपाशी पोचल्यावर घाई नको. दोन्ही पाय सळीवर टेकव, डाव्या हाताने केबल धर. पहिला कॅराबिनर तळव्याने दाबून उघड, खुंटीच्या पलीकडे लाव, ‘खट्ट’ आवाज ऐक. तो लागला की मगच दुसरा. दोन्ही एकदम काढलेस तर त्या क्षणी तू सह्याद्रीतलाच ट्रेकर, फक्त खाली काही शे मीटर दरी. आणि दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. वरचा पडला तर त्याचा कॅराबिनर खालच्याच्या हातावर येतो.

प्रश्न: माझं वजन ११६ किलो, मुलगी दहा वर्षांची, २९ किलो. दोघं एकत्र जाऊ शकतो का? (व्यापारी, चाटी गल्ली)

उत्तर: दोघांपैकी कोणीही नुसत्या संचावर जाऊ नका. संच ४० ते १२० किलोंसाठी असतो, आणि त्यातली वरची मर्यादा अंगावरच्या सगळ्या वजनासकट आहे. कपडे, बूट, हेल्मेट, हार्नेस, दोन लिटर पाणी आणि सॅक धरली की तुम्ही १२०च्या पुढे जाता. जास्त वजनाला पट्टी पूर्ण उसवून संपते आणि उरलेला धक्का तसाच अंगावर येतो. कमी वजनाला उलटं होतं: पट्टी उसवायला लागणारा जोरच पडत नाही आणि मूल कडक दोरावर पडल्यासारखं झटका खातं.

मुलीला संचाशिवाय वरून वेगळा दोर हवा, आणि तो सांभाळणारा माणूस बिले करणं, म्हणजे पडणाऱ्याला दोराने धरून ठेवणं, जाणणारा हवा. व्यवहारात याचा अर्थ गाइड. मुलांची कंबर अरुंद असते, उलटं झालं तर हार्नेसमधून निसटायची भीती असते, म्हणून छातीचा हार्नेसही जोडून घ्या. वाट के-१ किंवा के-२, मुलांसाठी बांधलेली. सळ्यांमधलं अंतर मोठ्यांच्या ढांगेनुसार असतं आणि दहा वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचत नाही. दुकानात संच हातात घेतला की तिला कॅराबिनर पन्नास वेळा उघड-बंद करायला सांगा. तिसाव्याला बोटं दुखायला लागली तर वाटेत ती कंटाळून एकच लावेल. तुम्ही स्वतः पाच-सात किलो उतरवलेत तर पुढच्या वर्षी विचार करू.

प्रश्न: तयारी सोलापुरात कशी करायची? इथे डोंगर कुठे? (दोन पत्रं, अशोक चौक आणि बार्शी)

उत्तर: डोंगर नसला तरी चालतं, कारण व्हिया फेराटात दम कमी आणि पकड जास्त लागते. तीन महिने पुरतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा जे काही करायचं ते सकाळी सातच्या आत.

जिने चढा-उतरा: पाठीवर ६ किलोची सॅक, आठ मजले, आठवड्यातून तीनदा. आडव्या बारला लटका: २० सेकंद, मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. महिन्याने ४० सेकंदांवर न्या. लटकताना कोपर सरळ ठेवायची सवय लावा, ती सगळ्यात कामाची. नवखा माणूस घाबरून केबल छातीशी कवटाळतो, कोपर वाकलेलं राहतं, आणि दहा मिनिटांत हाताचा खालचा भाग दगडासारखा घट्ट होऊन बोटं उघडत नाहीत. हात सरळ ठेवा, वर ढकलायचं काम पायांना द्या.

पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सराव करू का, असं एकाने विचारलंय. नको. परवानगी नाही, बांधून घ्यायला काही नाही. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, तिथे चढाईच्या कृत्रिम भिंती आहेत. उंचीवर बिलेवर लटकून बसायचा अनुभव तिथे सुरक्षितपणे मिळतो. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर हातासाठी खोबण्या आहेत, उतरायचा सराव चांगला होतो, पण गर्दीच्या रविवारी नको.

हातमोजे मात्र आपल्याकडूनच न्या. केबलची एखादी तार तुटली की तिची टोकं ज्वारीच्या कुसळासारखी बाहेर येतात आणि तळहातात घुसतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे चामडी तळव्याचे हातमोजे चालतात, बोटांना घट्ट बसणारे बघून घ्या. सायकलचे पातळ मोजे एका दिवसात फाटतात. बूट कडक तळव्याचे, कारण मऊ स्पोर्ट्स शूजमध्ये सळी तळपायात रुतते.

प्रश्न: गच्चीच्या कठड्याजवळ उभं राहिलं तरी गरगरतं. (गृहिणी, विजापूर रोड)

उत्तर: मग म्युरेन नको. तिथे सुरुवात गवताळ उतारातून होते आणि माणूस निर्धास्त होतो. पुढे सळ्यांवरून आडवं जाताना खाली एकदम खोऱ्याचा तळ दिसतो, आणि सुमारे ८० मीटरचा झुलता पूलही ओलांडायचा असतो. जिथे मधून बाहेर पडायच्या वाटा आहेत, अशी के-१ची वाट निवडा आणि पहिल्या बाहेर पडायच्या जागेपर्यंतच जायचं असं आधी घरच्यांना सांगून ठेवा. बरोबरीची माणसं ‘अगं, काही होत नाही’ म्हणून पुढे ओढतात. गरगरणं खरं असतं, त्यात पायाला कंप सुटतो आणि कॅराबिनर बदलताना चूक होते.

प्रश्न: पाऊस, विमा आणि मदतीचं काय? (वाचक, पंढरपूर)

उत्तर: वळीव दुपारी कसा अचानक अंगावर येतो ते सोलापूरकराला सांगायला नको. आल्प्समध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी तसंच होतं, आणि तिथे तुम्ही लांबच लांब लोखंडी तारेला बांधलेले असता. कुठेतरी लांब वीज पडली तरी केबलमधून धक्का पोचू शकतो. म्हणून सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत बाहेर या. आदल्या रात्री मेटिओस्विस या तिथल्या हवामान खात्याचा अंदाज पाहून गडगडाटाची शक्यता दिसली तर बेत रद्द करा. ओल्या सळ्या निसरड्या होतात, हे वेगळंच.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो व्हिसापुरता. पुष्कळ पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेलं असतं. एजंटाला ‘व्हिया फेराटा आणि हेलिकॉप्टरने सुटका दोन्ही धरलंय का’ असं ईमेलने विचारा आणि उत्तर छापून ठेवा. तोंडी ‘हो हो, सगळं आहे’ याला किंमत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव दलाचा क्रमांक १४१४, युरोपभर ११२. मोबाइलला रेंज नसेल तर शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे द्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. मिनिटाला तीन इशारे परत आले म्हणजे कोणीतरी पाहिलंय.

प्रश्न: कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर चालेल का? (बार्शी)

उत्तर: उत्तम. कडक भाकरी उन्हात खराब होत नाही, चटणीत तेल आणि मीठ दोन्ही आहे. बाहेरच्या देशांतून येणारे मांसाचे आणि दुधाचे पदार्थ मात्र स्वित्झर्लंड सीमेवर काढून घेतं, त्यामुळे तूप, पेढे घरीच. चटणी पुडीत नको, झाकणाच्या डबीत न्या. तेलकट बोटांनी केबल धरू नका, खाल्ल्यावर हात पुसून मगच मोजे घाला.