लेव्हल गेली, आता स्किल कुठले कापायचे?

प्रश्न : आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळाची ३.५ आवृत्ती खेळतो. माझं पाचव्या लेव्हलचं रोग (चोरटा) या क्लासचं पात्र आहे. वाइट या पिशाच्चाचा फटका बसताच डंजन मास्टरनी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, लेव्हल उतरवली आणि कुठले स्किल कमी करायचे यावर अर्धा तास वाद झाला. नियम काय आहे?

फटका बसल्या बसल्या लेव्हल जात नाही. आधी एक ‘निगेटिव्ह लेव्हल’ चिकटते. ती असेपर्यंत हल्ला, सेव्ह (संकटातून वाचण्यासाठीचा फासा), स्किल चेक आणि ॲबिलिटी चेक या सगळ्यांतून १ वजा करायचा आणि ५ हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) कमी धरायचे. पात्र जादू करणारं असेल, तर त्याच्या सर्वांत वरच्या पातळीचा एक स्पेलही (मंत्र) जातो. पात्राच्या शीटवर खोडाखोड करायची नाही, कोपऱ्यात पेन्सिलीने ‘−१’ लिहिलं की पुरे. चोवीस तासांनी फॉर्टिट्यूड (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह टाकायचा. वाइटसाठी १४ किंवा जास्त यावे लागतात. साधलं तर −१ पुसून टाका. हुकलं, तर मात्र लेव्हल खरोखर जाते. व्हॅम्पायर एका फटक्यात अशा दोन निगेटिव्ह लेव्हल देतो, तेव्हा प्रत्येकीसाठी वेगळा फासा टाकायचा. दोन्हींचा निकाल एकाच फाशावर लावणं ही नेहमीची चूक.

आता स्किल. गेलेल्या लेव्हलला जे मिळालं होतं तेच जातं, आणि वाद होतो तो नेमका इथे, कारण कोणत्या लेव्हलला कुठे किती पॉइंट घातले याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. इंटेलिजन्स १४ असलेल्या रोगला (पात्र माणूस नसेल तर) दर लेव्हलला क्लासचे ८ अधिक इंटेलिजन्सचे २ असे १० पॉइंट मिळतात. एका स्किलच्या रँकची (त्यात साठलेल्या आकड्याची) कमाल मर्यादा लेव्हल अधिक ३. म्हणजे पाचव्या लेव्हलला ८ आणि चौथ्या लेव्हलला ७. दहा स्किल कायम कमाल मर्यादेवर ठेवले असतील तर काम सोपं आहे : दहाही ८ वरून ७ वर आणा. पॉइंट विखुरलेले असतील आणि नोंद नसेल, तर आधी मर्यादेबाहेर गेलेले स्किल खाली आणा, उरलेले पॉइंट कुठून कापायचे ते खेळाडूला ठरवू द्या. एकदा ठरलं की बदल नाही. अनुभवाचे गुण चौथ्या लेव्हलच्या मध्यावर, म्हणजे ८,००० वर येतात. एखाद्या फीटसाठी (खास करामतीसाठी) लागणारे रँक कमी पडले, तर ते परत मिळेपर्यंत ती फीट वापरता येत नाही. हे तपासायचं हमखास राहून जातं.

जुनी शीट मात्र फाडू नका. ‘रिस्टोरेशन’ हा चौथ्या पातळीचा स्पेल गेलेली एक लेव्हल परत आणतो, पण मुदत असते : टाकणाऱ्याच्या दर लेव्हलमागे एक दिवस. सातव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुरोहिताकडे) सात दिवस, आणि १०० सुवर्णमुद्रांची हिऱ्याची पूड लागते. तेवढे दिवस जुन्या शीटचा फोटो जपून ठेवा, परत मिळालेले पॉइंट जिथल्या तिथे बसतात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा हिशेबच उरला नाही. तिथे वाइट फक्त कमाल हिट पॉइंट घटवतो, तेही पुढच्या लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे मोठ्या विश्रांतीपर्यंत. लेव्हल जाण्याची धडकी आम्हाला आजही मोलाची वाटते, पण ती खरी निगेटिव्ह लेव्हलच्या चोवीस तासांतच असते. त्यानंतर उरते ती आकडेमोड.

प्रश्न : आमच्या नवव्या लेव्हलच्या विझर्डवर (जादूगारावर) ‘फीबलमाइंड’ हा बुद्धी खचवणारा स्पेल पडला (२०१४ चे नियम). तो अर्केना हे जादूविद्येचं स्किल विसरला असं धरायचं का?

नाही. प्रोफिशियन्सी (स्किलमधलं प्रावीण्य) राहते, इंटेलिजन्स १ होतो. आधी इंटेलिजन्सचे +४ आणि प्रोफिशियन्सी +४ मिळून +८ होते. आता −५ आणि +४, म्हणजे −१. शिवाय त्याला स्पेल टाकता येत नाही, भाषा कळत नाही. दर तीस दिवसांनी पुन्हा सेव्ह टाकता येतो. ३.५ मध्येही इंटेलिजन्स उतरला म्हणून आधी मिळालेले स्किल पॉइंट परत घेत नाहीत. पुढच्या लेव्हलला मात्र कमी मिळतात.

प्रश्न : मोहिमेत दहा वर्षं उलटतात. वयामुळे, सराव सुटल्यामुळे कौशल्यं गंजतात, हे कसं दाखवावं?

१९७७ च्या ट्रॅव्हलर या अवकाशप्रवासाच्या खेळात चौतिशीपासून दर चार वर्षांनी दोन फाशांवर ताकदीसाठी ८, चपळाईसाठी ७ आणि दमासाठी ८ किंवा जास्त यावे लागतात. हुकलं की त्या गुणातून १ जातो. कौशल्याच्या आकड्याला हात लागत नाही. गर्प्स या अशाच दुसऱ्या खेळात कौशल्यं मूळ गुणांवर बेतलेली असल्यामुळे बुद्धी एकने उतरली की तिच्यावरची सगळी कौशल्यं एकदम उतरतात. दीर्घ मोहिमेला आम्हाला हीच रचना जास्त पटते, कारण वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी आमचा घरगुती नियम असा : खेळातलं एक वर्ष न वापरलेल्या स्किलला प्रोफिशियन्सी बोनस निम्मा, अपूर्णांक सोडून. +३ चा +१ होईल. दहा दिवस सराव केला की पूर्ववत. एका वेळी एका पात्राचे दोनच स्किल गंजू द्या, आणि रोगने एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी बोनस) घेतलेले स्किल यातून वगळा. त्याचं सगळं पात्र त्यांवरच उभं असतं. कुठले दोन गंजले ते खेळाडूनेच सांगावं. मास्टरने निवडले तर ती शिक्षा वाटते, आणि पुढच्या सत्रापासून खेळाडू स्किल वापरल्याची नुसती खूण राहावी म्हणून नको तिथे कुलपं उघडत बसतात.